तरीवाल्या आप्पांचं औषधाचं वेळापत्रक

खाडीवर पूल झाला त्या दिवशी आप्पा रिटायर झाले. ना सत्कार, ना शाल, ना नारळ. सकाळी पाहुण्यांनी पुलाची फीत कापली आणि पेढे वाटून होईपर्यंत आप्पांच्या होडीत बसायला कुणी उरलं नाही. पहिली गाडी पुलावरून गेली तेव्हा आतल्या मंडळींनी खिडकीतून आप्पांना हात केला. आप्पांनीही खालून हात केला. जन्मभर ज्यांना बखोटीला धरून होडीत चढवलं, ती माणसं आता डोक्यावरून चालली होती. आप्पांना त्याचा राग आला नाही. फक्त मान दुखली.

आंजर्ल्याच्या बाजूला त्या तरीची, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीची, आठवण काढणारे लोक अजून आहेत. ते 'आप्पांची तर' असं म्हणतात, पण ते अर्धंच खरं. होडी आप्पा वल्हवायचे, तर चालवायची ती सावित्री, त्यांची बायको. पलीकडच्या काठावरून कुणी 'ओऽऽ तर' अशी आरोळी ठोकली की आप्पा वल्ह्याला हात घालायच्या आत सावित्रीचा आवाज खाडी ओलांडून पलीकडे पोचायचा. "ओरडून काय खाडी आटतेय होय? येतायत!" त्या आवाजाला वल्हं लागत नसे, वारा आडवा येत नसे. आवाज जाऊन उतारूला ठसका देऊन परत आला तरी आप्पा अजून दोर सोडत असायचे.

होडीत कुणी कुठं बसायचं हेही तीच ठरवायची. जाडी माणसं मध्ये, शेळ्या पुढे, आंब्याच्या पेट्या तळाला, आणि नवी नवरी असली तर ती हमखास मागे, पाठ पुढे करून. म्हणजे माहेरचा काठ दिसेनासा होईपर्यंत तिला बघता येतो. सावित्री स्वतः याच होडीतून लग्न होऊन आली होती, आणि तिला सासऱ्यांनी पुढे शेळ्यांजवळ बसवलं होतं. ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही. नुसता नियम करून टाकला.

एकदा तालुक्याहून एक साहेब आले. बसा म्हटलं तर बसेनात, पँटीची इस्त्री मोडेल म्हणून होडीत उभेच. सावित्रीनं काठावरून आप्पांना होडी ऐन मध्यावर थांबवायला लावली आणि म्हणाली, "साहेब, उभ्यानंच जायचं तर पूल बांधून घ्या." साहेब बसले. पुढे सरकारनं पूल बांधला, तेव्हा त्या साहेबानं मनावर घेतलं म्हणूनच तो झाला, असं मानणारा एक गट गावात आजही आहे.

अशी ती सावित्री गेल्या भाद्रपदात गप्प झाली.

आजारपण म्हणावं तर ताप नाही, खोकला नाही. घरी गणपती आले, पोरं आरतीत नेहमीसारखी बेसूर ओरडली, आणि सावित्री त्यांच्यावर खेकसायला बाहेर आली नाही. आप्पांच्या काळजात तेव्हाच लक्क झालं. मग मोदकाची उकड कुणीतरी कच्ची ठेवली, त्यावरही ती बोलली नाही. पहाटे उठून पडवीत बसायची ती ऊन सरकून अंगावर येईस्तोवर तशीच. जेवण पानात जसं वाढलं तसं राहायचं. विचारलं तर म्हणायची, "कंटाळा आलाय." कसला म्हटलं तर तेही सांगायचा कंटाळा.

गावानं आपल्या परीनं निदानं केली. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं पित्त. शेजारची मालन म्हणाली की इतकी वर्षं एवढं बोलल्यावर माणसाचे शब्द संपत असतील. आप्पा कड्यावरच्या गणपतीला जाऊन पायरीवर बसून आले. शेवटी दसऱ्यानंतर एसटीनं तिला घेऊन दापोलीला मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई वयानं नातीएवढ्या, पण ऐकून घेण्यात आजीसारख्या. त्यांनी सांगितलं की हा डिप्रेशनचा आजार आहे, कुणाच्या चुकीनं झालेला नाही, आणि बरा होणारा आहे. रोज एक गोळी. फरक पडायला काही आठवडे लागतील, तोवर मध्येच बंद करायची नाही. गोळ्या आप्पांनी आपल्या हातानं द्यायच्या.

मुंबईला असलेल्या थोरल्याला हे कळवलं. तो आईवर जीव टाकणारा, त्यामुळे लगेच निकाल देऊन मोकळा झाला. मार्गशीर्षापर्यंत वाट बघू, नाहीतर आईला कायमची इकडे आणतो. इथं मोठे डॉक्टर आहेत. त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. पण आप्पांनी त्याची सोसायटी पाहिली होती. तिथं खिडकीतून हाक मारली तर समोरच्या खिडकीचा पडदा ओढला जातो. सावित्री गप्पच राहणार असली तर तिला ते चालेल, पण मग ती पुन्हा बोलणार कुणाशी? सावित्रीचा आवाज परत यायचा तर तो इथंच, या काठावर यायला हवा, आणि तोही मार्गशीर्षाच्या आत. एवढी एकच गोष्ट आप्पांच्या डोक्यात राहिली.

आता आप्पा म्हणजे होडीत बसणाऱ्यालाही कुठून आलास, कुठं चाललास, हे विचारल्याशिवाय दोर न सोडणारा माणूस. पोटात जाणाऱ्या गोळीची चौकशी ते केल्याशिवाय राहतात होय? त्यांनी फोन लावला नातीला.

वेदिका पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करते. तिचा विषय घरात कुणाला उच्चारता येत नाही, म्हणून 'मेंदूचं काहीतरी' एवढ्यावर सगळ्यांनी भागवलं होतं. योगायोग असा की ते काहीतरी नेमकं हेच होतं. आजोबांनी गोळीचं नाव वाचून दाखवल्यावर ती फोनच्या पडद्यावर एकदम पुढे सरकली आणि म्हणाली, "आप्पा, मेंदूत पण तर असते."

आप्पांनी चष्मा पुसला.

तिनं समजावलं ते असं. मेंदूतली एक पेशी दुसऱ्या पेशीशी बोलते, पण दोघींच्या मध्ये बारीकशी फट असते. खाडीच म्हणा. या काठावरची पेशी त्या खाडीत एक रसायन सोडते, त्याचं नाव सेरोटोनिन. ते पलीकडे जाऊन निरोप देतं. निरोप देऊन झाला की त्याला तिथं रेंगाळू द्यायचं नसतं, परत घरी आणायचं असतं. त्यासाठी पेशीच्या भिंतीत होड्या बसवलेल्या असतात, त्यांना म्हणतात ट्रान्सपोर्टर. होडीचं तोंड आधी बाहेरच्या बाजूला उघडतं, रसायन आत बसतं, ते तोंड मिटतं, मग आतल्या बाजूचं उघडतं. दोन्ही तोंडं एकदम कधी उघडी नसतात.

"बरोबर आहे," आप्पा म्हणाले. "बुडेल ना."

आणि गोळी काय करते? गोळी त्या होडीत रसायनाच्या जागी जाऊन बसते आणि उतरतच नाही. मग होडी अडून राहते, रसायन काठावर जास्त वेळ थांबतं, निरोप जास्त पोचतो. आप्पांना हे इतकं झटकन पटलं की वेदिका चकित झाली. तिला बिवलकर मास्तर ठाऊक नव्हते. निवृत्त झाल्यावर मास्तर दुपारी वाऱ्याला म्हणून होडीत येऊन बसत आणि दिवेलागणीपर्यंत इकडून तिकडे, तिकडून इकडे करत. उतरा म्हणायची सोय नाही, कारण आप्पांना त्यांनीच पाढे शिकवलेले. मास्तर बसले की एक उतारू काठावर राहिलाच. तेव्हापासून घरात त्या गोळीचं नाव मास्तर पडलं.

वेदिका रंगात आली. तिनं सांगितलं की अशा होड्या एका प्रकारच्या नसतात. डोपामिनची वेगळी, ग्लायसिनची वेगळी, आणि सगळ्या एकमेकींच्या चुलत बहिणी, दिसायला सारख्या. औषध शोधायचं म्हणजे असा उतारू शोधायचा की जो नेमका आपल्याच होडीत बसेल, चुलत बहिणीच्या होडीत चुकून पाय टाकणार नाही. नाहीतर भलतंच काहीतरी व्हायला लागतं. आता या होड्या गोठवून त्यांचे फोटो काढता येतात, बसायची फळी कुठं आहे ते दिसतं, आणि ती स्वतः कॉम्प्युटरवर हजारो उतारू बसवून बघत होती की कोण नीट बसतो. काहींना तर फळीवर न बसवता बाजूला लोंबकळत ठेवून होडी अडवता येते का, तेही चाललं होतं. हे सगळं होऊन नवी गोळी निघायला बरीच वर्षं लागतात, आणि बहुतेक उतारू मध्येच पाण्यात पडतात.

इथं फोन ठेवला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण आप्पांनी विचारलं, "ती होडी वल्हवतो कोण?"

वेदिका म्हणाली, "मीठ."

म्हणजे असं की पेशीच्या बाहेर मीठ जास्त, आत कमी. बाहेरच्या मिठातलं सोडियम आत घुसायला सारखं धडपडत असतं, आणि त्या जोरावर रसायनाला हाताशी धरून आत ओढतं. वेदिकेनं हे सहज सांगितलं, कारण पुण्यात त्याला काही अर्थ नाही. पण खाडीकाठच्या माणसाला, बाहेरचं खारं पाणी आत घुसतं आणि त्याच्या जोरावर होडी चालते, असं सांगितल्यावर तो काय समजेल?

आप्पा समजले, भरती.

भरतीचं गणित आप्पांना तोंडपाठ. तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अवस-पुनवेला उधाण, तेव्हा पाणी धावतं. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी नुसतं जागच्या जागी कुशी बदलतं, जाळ्यात मासळीही येत नाही. (पिऊन झिंगतात ती भांग वेगळी, इथं पाण्याचा जोर ओसरलेल्या दिवसांना भांग म्हणतात.) आप्पांनी पडवीत बसून शांतपणे विचार केला. मास्तरांना होडीत बसवायचं ते होडी जोरात चालू व्हायच्या आधी. म्हणजे भरतीच्या दोन तास अगोदर गोळी दिली पाहिजे. आणि भांगात होडी आपणच मरगळलेली असते, तेव्हा तिला अडवायला मास्तर कशाला? औषध म्हणजे शेवटी औषध. बायकोच्या पोटात नको तेव्हा का घाला? भांगाचे तीन-चार दिवस गोळीला सुट्टी. उधाणाला दोन द्याव्यात असंही मनात येऊन गेलं, पण बाईंनी एक बोट वर करून 'एकच' असं बजावलं होतं, आणि आप्पा डॉक्टरांच्या शब्दाबाहेर जाणारे नव्हते.

मग हे वेळापत्रक सुरू झालं. आज सकाळी दहाला गोळी, दोन दिवसांनी साडेअकराला, चतुर्थीला दुपारी एकला. सावित्री काही विचारत नव्हती. हात पुढे करायची, गिळायची, पुन्हा पडवीत बसायची. वेदिका फोनवर विचारायची, गोळ्या वेळेवर चालल्यात ना? आप्पा म्हणायचे, अगदी वेळेवर. ते खोटं नव्हतं. मिनिटाचा फरक होत नव्हता.

आणि गंमत अशी की आप्पांचं म्हणणं खरं ठरू लागलं. उधाणाच्या सुमाराला सावित्रीच्या चेहऱ्यावर थोडी धुगधुगी दिसायची. एकदा तर तिनं कोंबडीला हुसकावलं. भांग आला की तिला भोवळ यायची, डोक्यात झिणझिण्या यायच्या, भिंत धरून चालायची आणि उगाच रडायची. पंधरवड्यामागून पंधरवडे असंच. आप्पांना काळजी तर वाटायचीच, पण आत कुठंतरी शोध लावणाऱ्याचं सुखही होतं. भरती-ओहोटी मेंदूत लागते, हे अजून कुणाला ठाऊक नसावं. बाईंना समक्षच सांगू म्हणून त्यांनी ते पोटात ठेवलं.

मार्गशीर्ष उजाडला. थोरल्यानं दोनदा फोन करून आठवण दिली. दापोलीला निघताना आप्पांनी सावित्रीला खिडकीजवळची जागा दिली. एसटी पुलावर आली तेव्हा खाली पाणी चमकत होतं. होडी चालू असताना एक दिवस असा गेला नव्हता की या पाण्यावरून सावित्रीचा आवाज गेला नाही. आता ती काचेला डोकं टेकून बसली होती आणि खाली बघतही नव्हती. आप्पांना वाटलं, पुलानं आपली होडी नेली ते ठीक, पण हिला कुणी नेलं?

डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं, वजन घेतलं आणि त्यांचा चेहरा थोडा उतरला. एवढ्या आठवड्यांत जेवढा फरक हवा तेवढा नाही, म्हणाल्या. कदाचित ही गोळी यांना लागू पडत नसेल. बदलून बघू, नाहीतर मुलगा म्हणतोय तसं मुंबईला दाखवायलाही हरकत नाही. बाईंनी कागद पुढे ओढला आणि लिहिता लिहिता सहज विचारलं, "गोळी रोज कितीला देता, आजोबा?"

"आज तिथी कुठली?" आप्पा म्हणाले.

बाईंचं पेन थांबलं. मग आप्पांनी सगळं सांगितलं. मीठ, भरती, पाऊणपट, मास्तर, भांगाची सुट्टी. सुरुवातीला जरा संकोचानं, मग बाई मन लावून ऐकतायत असं बघून चढत्या आवाजात. शेवटी म्हणाले की चक्कर नेमकी भांगातच येते, तेव्हा याचा विचार व्हायला हवा.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं की मेंदूभोवतीचं मीठ शरीर कायम सारखंच राखतं. तिथं चंद्राचं काही चालत नाही. तिथल्या होड्या रात्रंदिवस चालतात, त्यांना भांग नाही. गोळी रोज गेली तरच होडी अडलेली राहते, आणि मगच मेंदू आठवड्यामागून आठवडे हळूहळू स्वतःला बदलत नेतो. तो कसा बदलतो ते शोधणाऱ्यांनाही अजून पुरतं उमगलेलं नाही. मध्येच गोळी थांबवली की तेच पुन्हा पहिल्यापासून. आणि ती भोवळ, त्या झिणझिण्या, हे सगळं गोळीत खंड पडल्यामुळे.

आप्पा सावित्रीकडे बघत राहिले. "म्हणजे चक्कर मीच देत होतो तिला?"

बाहेर कंपाउंडर कुणाचं तरी नाव पुकारत होता. आप्पांनी टोपी काढली आणि हातात धरली. जन्मात एकही उतारू पाण्यात न पाडलेला माणूस तो. आणि घरचंच माणूस दर पंधरवड्याला मध्यावर नेऊन सोडत होता.

तेव्हा सावित्रीनं खाकरून घसा साफ केला.

"बाई," ती म्हणाली. आवाज गंजलेल्या कडीसारखा, पण कडी तीच. "भांगात ह्यांच्या हातनं घरात कधी मासळी नाय आली. गोळी कुठची यायला?"

बाई आधी आप्पांकडे बघत होत्या, हसावं की नाही ते ठरत नव्हतं. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून हसू एकदम आलं, तेव्हा त्याही हसल्या. सावित्री मात्र हसली नाही. तिनं हात पुढे केला आणि आप्पांच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट स्वतःच काढून घेतलं. बोलली ती तेवढंच. एसटीत पुन्हा काचेला डोकं टेकलं. पण पाकीट तिच्या पिशवीत होतं, आणि पिशवीवर तिचा हात.

गोळी बदलायची नाही, सकाळच्या चहाबरोबर रोज, आणि आजपासून नव्यानं मोजायचं, असं बाईंनी थोरल्याला फोनवर सांगितलं. त्यानं माघी गणपतीपर्यंत मुदत वाढवली. वेदिकेला कळलं तेव्हा तिनं आधी आजीची चौकशी केली. मग म्हणाली की मिठाचं मी एवढ्यावर सोडायला नको होतं. आप्पांनी तिचीच समजूत काढली आणि वर एक काम सांगितलं. असा उतारू शोध म्हणाले, जो आठवडे न लावता चार दिवसांत गुण देईल, आणि एखाद्या म्हाताऱ्यानं वेडेपणा केला तरी माणसाला भोवळ येऊ देणार नाही. वेदिका म्हणाली, आप्पा, सगळं जग तोच शोधतंय.

पौष गेला तो सरळ रेषेत गेला नाही. एके दिवशी सावित्री म्हणाली की चहा गोड झालाय, आणि आप्पा त्या चहाचे दोन कप प्यायले. पुढे चार दिवस पुन्हा पडवी आणि ऊन. मग एका सकाळी मालननं आणलेला खरवस चाखून तिनं विचारलं, गाय व्यालीय की नुसती शिंकलीय? मालन हे गावभर सांगत फिरली. अपमान झालेली बाई इतकी आनंदात आंजर्ल्यात पूर्वी कुणी पाहिली नव्हती. आप्पा मात्र काही बोलत नव्हते, विचारत नव्हते. उथळ पाण्यात होडी आली की वल्हं उचलून ठेवायचं असतं, ती आपली आपण काठाला लागते, एवढं त्यांना कळत होतं.

माघी गणपतीला थोरला गाडी घेऊन आला. आईच्या सामानासाठी मागची डिकी रिकामी ठेवून आला होता. सावित्रीनं त्याला नखशिखांत न्याहाळलं, पोट सुटलंय म्हणाली, सुनेला का नाही आणलंस म्हणाली, आणि गाडी पार अंगणात आणलीस ती सरळ तुळशीतच का नाही घातलीस, असंही विचारलं. थोरला उभ्या उभ्या ऐकत होता आणि त्याचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा होत चालला होता. डिकीचा विषय त्यानं काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी डिकीत फणसपोळी, कोकमं आणि कुळथाचं पीठ गेलं.

गाडी पुलावर चढून दिसेनाशी झाली. आप्पा अंगणाच्या कडेला उभे राहून त्या दिशेला बघत होते. मागून पडवीतून आवाज आला, तोही खाडी ओलांडेल इतका मोठा.

"पूल पडतोय का बघत उभे राहिलात होय? ती आमसुलं उन्हातनं उचलायची कुणी?"

आप्पांना अक्षरन् अक्षर ऐकू आलं होतं. कान त्यांचे ठणठणीत आहेत. तरीही ते वळले, कानामागे हात धरला आणि म्हणाले, "काय गो म्हणालीस?"

सावित्रीनं सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं, आणि या खेपेला त्यात आप्पांच्या वडिलांचाही उल्लेख होता. आप्पांनी तेही नीट ऐकलं, आणि मग सावकाश आमसुलं उचलायला गेले.